चार सेकंदांनंतर

वेग मोजता येतो, म्हणून तो वादात जिंकतो. आवाजाला जाहिरातीत रकाना नसतो.

२०१६ साली पोर्शने केमन एसमधलं ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून २.५ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. ताकद ३२५ अश्वशक्तीवरून ३५० वर गेली. शून्य ते शंभरची वेळ ४.७ सेकंदांवरून ४.२ वर आली. आकडे सगळे सुधारले आणि शौकीन नाराज झाले, कारण इंजिनाचा गळा बदलला होता. २०२० मध्ये जीटीएस ४.० मॉडेलात सहा सिलिंडर परत आले, तेही टर्बोविना. टॉर्क जवळजवळ पूर्वीचाच. कंपन्या हळव्या नसतात. कानांचा हट्ट त्यांना वहीखात्यात दिसला असणार.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर घाट सोडला तर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. अशी गाडी चार सेकंदांत तिथे पोचते. मग उरलेल्या वाटेवर परफॉर्मन्सने करायचं काय? आवाज मात्र साठच्या वेगातही, गियर खाली टाकला की हजर.

तो येतो कुठून, याचा हिशेब सोपा आहे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. फॉर्म्युला वनचं २०१३ पर्यंतचं व्ही-८ मिनिटाला १८,००० फेरे घ्यायचं, म्हणजे सेकंदाला १,२०० स्फोट. २०१४ पासूनचं व्ही-६ टर्बो १२,००० च्या आसपास फिरतं, म्हणजे ६००. बरोबर निम्मे. गाण्याच्या भाषेत, एक सप्तक खाली. त्यात टर्बो चालतो एक्झॉस्टच्याच वायूवर. कानाकडे निघालेली ऊर्जा तो वाटेतच अडवून कामाला लावतो. शर्यतीचं इंधन दीडशे किलोंच्या घरातून शंभरावर आलं. २०१४ च्या मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीनंतर आवाज कुठे गेला म्हणून ओरड झाली. चाकांत गेला होता. (आपल्याकडे ही शर्यत २०११ ते २०१३ एवढीच झाली. बुद्ध सर्किटवर ज्यांनी कानात बोळे घातले, ते नशीबवान.)

म्हणजे ज्या सुरासाठी तिकीट काढायचं, ती निव्वळ उधळपट्टी. असो, काटकसर ऐकायला कोणी गर्दी करत नाही.

खऱ्या-खोट्याचा वाद मात्र वाटतो तितका सरळ नाही. लेक्ससच्या एलएफएचा सूर यामाहाने बसवला. पियानो बनवणारी तीच यामाहा. ४.८ लिटरचं व्ही-१०, एकूण ५०० गाड्या. इंजिन ०.६ सेकंदात ९,००० फेऱ्यांवर चढे, काट्याचा टॅकोमीटर त्याला पुरा पडेना, म्हणून पडद्यावरचा द्यावा लागला. इंजिनाचा श्वास नळ्यांतून थेट केबिनमध्ये आणलेला. सगळं ठरवून केलेलं, तरी लोक त्याला अस्सल म्हणतात. त्याच सुमारास बीएमडब्ल्यूने एम५ च्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवला, तर फसवणूक झाली म्हणून बोंब उठली. नळी चालते, तार चालत नाही. माझंही मत तेच होतं, आणि त्यामागे तर्क कमी, सोवळंच जास्त.

ते बदलायचं कारण ह्युंदाईची आयोनिक ५ एन. २०२३ ची, पूर्ण विजेवरची. तिच्यात स्फोट नाहीत, गियर नाहीत. दोन्हींची नक्कल आहे, गियर बदलल्याचा हिसकासुद्धा. आधी हसू येतं. पण वळणात शिरताना डोळे रस्त्यावर असतात, मीटरवर नसतात; किती वेगात आहोत, इंजिनात अजून किती दम आहे, हे ड्रायव्हर कानाने वाचत असतो. मुक्या गाडीत ते वाचनच बंद पडतं. ही नक्कल ते परत देते, आणि ट्रॅकवर ती कामाची आहे असं मुरलेल्या परीक्षकांनीही म्हटलं आहे. त्यासाठी गाडी आपली थोडी चपळाईही सोडते: खोटा गियर बदलताना क्षणभर खरी ताकद तोडते.

शिवाय हा आवाज बटण दाबून बंद होतो. पहाटे पाचला थंड इंजिन सुरू करणाऱ्या सहा सिलिंडरवाल्याला ती सोय नाही, त्याच्या शेजाऱ्यांना तर नाहीच.