काळ्या लघुग्रहाचे माप

नेपल्सच्या वेधशाळेतून आनीबाले दे गास्पारिस यांनी १२ एप्रिल १८४९ रोजी हायजिया हा लघुग्रह शोधून काढला. शोधाच्या क्रमाने तो दहावा. आकाराने मात्र मंगळ व गुरू यांच्यामधील मुख्य पट्ट्यात त्याचे स्थान चौथे. व्यास सुमारे ४३० किलोमीटर. त्याच्याहून कितीतरी लहान असे अ‍ॅस्ट्रिया, हीबी व आयरिस हे १८४५ ते १८४७ या काळातच दृष्टीस पडले होते. मग हा थोरला मागे का राहिला? तो अधिक दूर आहे, हे एक कारण. दुसरे असे की, त्याचा पृष्ठभाग कार्बनयुक्त व काळा आहे. पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सातच्या आसपासच भाग तो परत देतो. वेस्टा शेकडा चाळीसच्या आसपास देतो.

न चमकणाऱ्याचे मोल न ओळखणे, हा पाहणाऱ्याचा नैतिक दोष मानावा काय? प्रथमदर्शनी उत्तर नकारार्थी येते. त्या काळच्या दुर्बिणीला परावर्तित प्रकाशच दिसे. साधनाच्या मर्यादेसाठी माणसाला दोषी धरणे न्यायाचे नव्हे.

परंतु हे उत्तर अपुरे आहे. परत न फेकलेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो पिंडात मुरतो व उष्णता होऊन अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. १९८३ साली सोडलेल्या आयआरएएस उपग्रहाने ही ऊब टिपली आणि तीवरून अनेक लघुग्रहांचे आकार काढता आले. काळ्या वस्तूचेही माप घेता येते. साधन तेवढे बदलावे लागते.

शासकीय सेवेत असताना आम्ही दरवर्षी हाताखालच्या कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहीत असू. अभिलेख-कक्षातील एका अबोल कारकुनाच्या नावापुढे लागोपाठ चार वर्षे आम्ही 'साधारण' असा शेरा लिहिला. बैठकीत तो बोलत नसे, आमच्या दालनात कामाशिवाय येत नसे. त्याची बढती हुकली. तो निवृत्त झाला आणि जमिनींची जुनी प्रकरणे वेळेवर मिळेनाशी झाली. तेव्हा कोठे उमगले की, आजवर ती अर्ध्या तासात आमच्या मेजावर कोण आणून ठेवीत होता.

आम्हांस दुर्बिणीची सबब सांगता येणार नाही. अभिलेख-कक्ष वीस पावलांवर होता. तेथे जाऊन एखादा बस्ता सोडून पाहणे आमच्या हाती होते. अज्ञान संपून दोष सुरू होतो तो येथे. प्रत्येक अबोल मनुष्य थोर असतो असे नव्हे. पट्ट्यात काळे लहान खडकही असंख्य आहेत. शेरा लिहिण्यापूर्वी ऊब तपासावी, एवढेच कर्तव्य होते. ते आम्ही केले नाही, आणि तो शेरा बदलण्याचा अधिकार आता आमच्यापाशी उरलेला नाही.