गडचांदुरात कोणाला कळतं?

सरळ उभा राहा. काउंटरला रेलू नकोस. हा ग्लास उजेडात धर आणि काय दिसतं ते सांग मला. वर फेसाचा पत्ता नाही, खाली बर्फाचं पाणी, मध्ये गुलाबाचं सरबत. लग्नाच्या मांडवात दारात उभं राहून वाटतात तसलं! आणि मेनूकार्डावर छापलंस काय, तर ‘क्लोव्हर क्लब’.

वर मी विचारलं तर म्हणतोस, “सर, गडचांदुरात कोणाला कळतं?” बाकीच्या चुका पोटात घातल्या असत्या मी. हे वाक्य नाही घालणार.

कोणाला कळतं म्हणे! तुझ्या बाबांना कळतं. इथं, नांद्याला, आवारपूरला सिमेंट बनतं. क्लिंकर दळताना त्यात शंभराला चार-पाच भाग जिप्सम पडतं. ते राहून गेलं तर पाणी लागताच सिमेंट आवळून येतं, गवंड्याला थापी फिरवायला सवड मिळत नाही. तुझ्या बाबांचा जन्म हे प्रमाण तपासण्यात गेला, रात्रपाळीलासुद्धा. तीच माणसं संध्याकाळी तुझ्यासमोर येऊन बसतात. आणि तू त्यांना अंदाजपंचे ओतून देतोस?

४५ मिली जिन, १५ मिली रासबेरीचा पाक, १५ मिली लिंबाचा रस, थोडं अंड्याचं पांढरं. वर्गात किती वेळा घोकून घेतलं होतं? पेग-मेजर तिकडे ग्लासांच्या मागे धूळ खातंय, मघाशीच पाहिलं मी.

लिंबू कधी पिळलंस? खरं बोल. कालचा रस आहे, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेला. जिभेवर कडवट लागला तेव्हाच कळलं. साल चिरडेपर्यंत पिळायचं आणि वर रात्रभर ठेवायचं, मग दुसरं काय होणार! मूळ कृतीत जाड सालीचं पिवळं लिंबू आहे, आपलं कागदी चालेल, पण समोर कापलेलं. आणि रस कमी पडला म्हणून संत्रं पिळलंस ना? नागपुरी संत्र्याचा मलाही अभिमान आहे, पण ते गोड. इथं आंबट हवं.

अंडं घातलंच नाहीस, कारण टेबलावर एक जण शनिवार पाळणारा होता. अरे, त्याला दुसरं काहीतरी दे! कच्चं अंडं आहे हे आधी सांगायचं, फळ्यावर लिहायचं. ताजं अंडं घ्यायचं, शेकर आधी बर्फाशिवाय हलवायचा, मग बर्फ घालून. त्याशिवाय ती साय धरत नाही. आणि बर्फाचा चुरा? जून महिन्यात, या उकाड्यात? शेकर बंद करेस्तोवर त्याचं पाणी झालं.

हे पेय फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात जमणाऱ्या वकील-पत्रकारांच्या मंडळाचं. त्यांच्या देशात १९२० साली दारूबंदी आली. तुझ्या जिल्ह्यात आली १ एप्रिल २०१५ ला. इथली २०२१ मध्ये उठली, शेजारी गडचिरोलीत १९९३ पासून आहेच. बंदीत माणूस आडोशाला उभा राहून नरड्यात ओततो आणि तोंड पुसतो, चव बघायची सोय नसते. ती सवय गिऱ्हाइकाची असेल तर समजू शकतो. काउंटरच्या आतल्या माणसाला ती लागली, याची मला लाज वाटते.

रासबेरी मिळत नाही म्हणतोस. महाबळेश्वरला मिळते, इथं नाही, कबूल. म्हणून रंग जुळला की गुलाब? तुझ्या परमिट रूमच्या फाटकाशी जांभळाचं झाड आहे. गाडी लावली तर टपावर जांभळे डाग पडले, माझ्या चपलेला बी चिकटून आत आली. तू रोज तोच सडा तुडवत आत येतोस! पाव किलो गर, पाव किलो साखर, मंद आच. साखर विरघळली की उतरव, गाळून घे. आटवत बसलास तर जॅम होईल. जांभूळ तुरट असतं, तेव्हा लिंबू चाखून बेताचं घाल. आणि मग त्याला क्लोव्हर क्लब म्हणू नकोस, मेनूवर सरळ जांभूळ लिही. गावातला माणूस नाव वाचूनच मागेल.

आता हा ग्लास मोरीत ओत. पैसे मी देतोय, गल्ल्यात नोंद कर. उद्या अकराला कोरपन्याहून परत येताना थांबेन. पेग-मेजर घासून ठेव आणि पहिला ग्लास मला देऊ नकोस. तुझ्या बाबांना बोलावून घे, त्यांच्यासमोर ठेव.