शुबर्टनं जिथं लेखणी ठेवली

दिवेलागण होऊन गेली आहे. गारगोटीच्या बाजारातली वर्दळ ओसरतेय. पावसाचे दिवस असतील, तर पत्र्यावर त्याचा आवाज चालू असेल, असू दे. भिंतीला पाठ टेकून निवांत बसा. आपल्याला संगीतकार शुबर्टचा सी मेजर पियानो सोनाटा ऐकायचा आहे, डी. ८४० क्रमांकाचा. रशियन पियानोवादक स्वियातोस्लाव रिक्टरचं ध्वनिमुद्रण मिळालं, तर तेच लावा. त्याआधी दोन-चार श्वास आपसूक येऊ-जाऊ द्या.

आता डोळे मिटून ऐका. सुरुवातीला दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात, सप्तकाच्या अंतरानं. खाली आधाराला काहीच नाही. किती एकटी आहे ती! मग हलकेच इतर स्वर सोबतीला येतात. ते येतात तो क्षण निसटू देऊ नका. रिक्टर हा पहिला भाग फार संथ वाजवतो, वीस मिनिटांहून जास्त. मध्येच चुळबुळ होईल, उठावंसं वाटेल. ते वाटणंही येऊ द्या, जाऊ द्या आणि पुन्हा सुरांकडे या.

दुसरा भाग सी मायनरमधला, अधिक कातर. इथवर सगळं पुरं लिहिलेलं आहे. बरेच वादक इथंच थांबतात. रिक्टर थांबत नाही. अर्धवट राहिलेला तिसरा भाग वाजवतो, मग चौथा. हा चौथा चांगला रंगात आलेला असतो आणि २७२ बार (तालाचे छोटे खंड) झाल्यावर कागदावर पुढे काही नाही. रिक्टर तिथंच हात उचलतो.

डोळे उघडू नका. आत काय होतंय ते पाहा. गायक अल्लादिया खाँसाहेबांचं कोल्हापूर इथून पन्नासेक किलोमीटरवर. या मुलखातल्या कानाला मुखडा आला की समेची वाट पाहायची सवय. मान आधीच डोलायला निघालेली असते. आज सम आली नाही. मन लगेच पुढचे स्वर जुळवू लागेल. जुळवू दे, आणि दमलं की सोडून देऊ दे.

आणखी एक गोष्ट मन करतं. अपुरं म्हटलं की त्याला मरण आठवतं. १८६१ साली हा सोनाटा छापणाऱ्या प्रकाशकालाही तसंच वाटलं. शुबर्टची ही शेवटची रचना समजून त्यानं तिला ‘रेलिक्वी’ म्हणजे मागे उरलेले अवशेष, असं नाव दिलं. पण शुबर्टनं ती लिहायला घेतली १८२५च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. तो गेला १९ नोव्हेंबर १८२८ला. मधली साडेतीन वर्षं त्याच्या हाताशी होती. लेखणी त्यानं स्वतः खाली ठेवली. का, ते तो कुठं सांगत नाही. पुढे क्रेनेकसारख्या संगीतकारांनी हे अपुरे भाग पुरे केले. मला मात्र ते तुटलेलं टोकच हवं असतं. तिथं शुबर्टचा हात अजून शुबर्टचाच आहे.

तुमचंही एखादं काम असंच बाजूला ठेवलेलं असेल. ते आठवलं, तर त्याला दूषण देऊ नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.

मग वाटलं, तर डी. ८४५ लावा, ए मायनरमधला. तोही १८२५चाच. सी मेजर सोनाटा बाजूला ठेवल्यावर शुबर्ट त्याच्याकडे वळला, चारही भाग पुरे केले आणि पुढच्याच वर्षी तो छापूनही आला.