खर्जातले सामर्थ्य

संगीतात खर्जाच्या वाट्याला मोठे चमत्कारिक भाग्य आले आहे. मैफल आटोपून माणसे घरी परततात तेव्हा ती गायकाच्या तानांविषयी बोलतात, तबलजीच्या हाताविषयी बोलतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. आणि तरीही ती तार उतरली की सारी मैफल उतरते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम बेसकडे असते. पूर्वी ते माणसाच्या उंचीच्या डबल बेसकडे होते. १९५१ साली लिओ फेंडर यांनी आपली बेस गिटार बाजारात आणल्यापासून ते हळूहळू या चार जाड तारांच्या विजेच्या वाद्याकडे गेले.

आमच्या नागपुरात आणि एकूणच विदर्भातल्या धर्मग्रामांत उपासनासंगीत हार्मोनियम, तबला, ढोलकी आणि झांजा यांच्या आधाराने वाढले. मागाहून गिटार आली, कीबोर्ड आला, आणि आता तरुणांच्या गायकवृंदांत बेस गिटारही दिसू लागली आहे. या वाद्याचा एक स्वभाव ध्यानात घेण्याजोगा आहे. हार्मोनियमचा भाता हलवला की ती बोलते, ढोलकीवर थाप पडली की ती बोलते. बेस गिटार मात्र भरीव लाकडाची असल्यामुळे विजेवाचून जवळजवळ मुकी असते. तिचा आवाज म्हणजेच तिचा अॅम्प्लिफायर. म्हणून बेस गिटारीमागोमाग धर्मग्राम परिषदेपुढे दुसरी मागणी येते ती अॅम्प्लिफायरची, आणि तोही चांगला ताकदवान हवा असतो. वडीलधारी मंडळी विचारतात, “अरे, देवाच्या घरात एवढा आवाज कशाला?” तरुण मंडळी मनातल्या मनात हसतात.

हा प्रश्न वडीलधाऱ्यांना वाटतो तितका सरळ नाही, आणि तरुणांना वाटतो तितका भाबडाही नाही, असे आम्हांला वाटते. त्याच्या मुळाशी एक फार जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे: हाती आलेले सामर्थ्य वापरण्यासाठीच असते काय?

या वाद्याच्या इतिहासात या प्रश्नाचे एक गमतीदार रूप पाहावयास मिळते. एव्हरेट हल नावाचे एक अमेरिकन डबल बेसवादक होते. वाद्यमेळात आपले वाद्य कोणाला ऐकूच जात नाही ही त्यांची व्यथा होती. डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीला टेकतो त्या खुंटीतच त्यांनी ध्वनिग्राहक बसवला, आणि पुढे त्या ‘अॅम्प्लिफाइड पेग’वरूनच त्यांच्या कंपनीचे नाव ‘अॅम्पेग’ पडले. हल यांना फाटलेल्या, करकरीत आवाजाचा मनस्वी तिटकारा होता. रॉक संगीतही त्यांना मानवत नसे. सूर जसा आहे तसाच, फक्त थोडा पुढे पोहोचावा, एवढेच त्यांचे मागणे होते. १९६८ साली ते कंपनीतून बाहेर पडले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच कंपनीने ‘एसव्हीटी’ हा अॅम्प्लिफायर काढला. तीनशे वॉटची शक्ती, आत चौदा व्हॉल्व्ह, आणि नुसत्या यंत्राचे वजन चाळीस किलोंच्या आसपास! त्याच्यासोबतच्या पेटीत दहा-दहा इंचांचे आठ स्पीकर असत, आणि अशा दोन पेट्या एका यंत्राला जोडल्या जात. वादकांनी त्या पेटीचे नावच ‘फ्रीज’ ठेवले. १९६९च्या अमेरिकेच्या दौऱ्यात ‘रोलिंग स्टोन्स’ हा वाद्यवृंद हे यंत्र घेऊन फिरला, आणि मोठाल्या मैदानांत खर्ज पोहोचवण्याची रीत तेव्हापासून बदलली.

या यंत्रावर ज्यांनी वाजवले त्यांचे अनुभव ऐकण्यासारखे असतात. ते पहिल्यांदा जे सांगतात ते कानाविषयी नसतेच; ते छातीविषयी असते. सूर ऐकू येण्याआधी अंगाला जाणवतो, पायांखालची फळी थरथरते, विजारीचे पाय हलतात, असे ते सांगतात. त्यानंतर हटकून पाठदुखीची कहाणी येते, कारण ते धूड जिन्यावरून चढवणे म्हणजे अक्षरशः हमाली. पण जाणत्या वादकांचे तिसरे निरीक्षण आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. ते म्हणतात, या यंत्राचे बटण फार वर न्यावेच लागत नाही. लहान यंत्र पूर्ण ताणून जो सूर फाटका निघतो, तोच सूर मोठ्या यंत्रातून, अर्ध्याहून कमी जोरावर, गोल आणि निवांत निघतो.

यात अतिशयोक्ती नाही. मनुष्याचा कान खालच्या सुरांच्या बाबतीत मंद आहे. मधल्या पट्टीतला सूर जेवढ्या शक्तीने स्पष्ट ऐकू येतो, त्याच्या कितीतरी पट शक्ती बेसच्या सर्वांत खालच्या तारेला, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झच्या सुराला, खर्चावी लागते. शिवाय शक्ती दहापट केली तर आवाज कानाला जेमतेम दुप्पट वाटतो. तीस वॉट आणि तीनशे वॉट यांत ऐकणाऱ्याच्या लेखी एवढेच अंतर! तेव्हा तरुण वादक मोठे यंत्र मागतो ती दरवेळी हाव नसते. पुष्कळदा ती कानाची रचनाच मागत असते. तार छेडल्याच्या क्षणी सुराचा जो उसळता धक्का येतो, तो पेलण्यापुरते बळ शिल्लक असावे लागते. गायकाचेही तसेच आहे. ज्याचा दम मोठा तोच हळुवार सूर न थरथरता लांबवू शकतो. दम संपत आलेल्याचा हळू आवाज हळुवार नसतो, तो थकलेला असतो.

दुर्बळाच्या गप्प बसण्याला कोणी संयम म्हणत नाही. ज्याच्यापाशी बळ आहे आणि जो ते आवरून धरतो, त्यालाच तो शब्द लागू पडतो. गेथसेमनीच्या बागेत प्रभू येशूने देवदूतांच्या पलटणी बोलावल्या नाहीत, या गोष्टीला अर्थ येतो तो त्या बोलावता आल्या असत्या म्हणूनच. या दृष्टीने पाहिले तर ताकदवान यंत्र घेऊन हळू वाजवणारा वादक हा दुबळे यंत्र घेऊन ओरडणाऱ्या वादकापेक्षा नीतीच्या अधिक जवळ आहे. वडीलधाऱ्यांना हे पटणे जड जाईल, पण ते खरे आहे.

मात्र येथे थांबलो तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल. राखीव बळ फार दिवस राखीव राहत नाही, हाही मनुष्याचा अनुभव आहे. त्यातून आवाजाच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. मोठा आवाज तासभर ऐकला की कान काही काळ बधिर होतो, आणि मग तोच आवाज कमी वाटू लागतो. वादकाचा हात नकळत बटणाकडे जातो. त्याच्या मनात काही वाईट नसते. तो आपल्या कानाला विचारतो, आणि त्याचा कान त्याला खोटी साक्ष देतो. सामर्थ्य आवरण्याचे काम एकट्या सामर्थ्यवानाच्या सदसद्विवेकावर सोपवून चालत नाही, याचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. राजसत्तेविषयी आणि धर्मसत्तेविषयीही हेच म्हणता येईल, पण तो विषय वेगळा.

खर्जाचे बळ चर्चला परके आहे असे मात्र कोणी समजू नये. पाइप ऑर्गनची सोळा फुटी नळी सुमारे ३२ हर्ट्झचा सूर देते, म्हणजे बेस गिटारीच्या खालच्या तारेच्याही खालचा. आणि मोठ्या कॅथेड्रलांतील बत्तीस फुटी नळीचा सूर तर १६ हर्ट्झवर, कानाच्या कक्षेबाहेर जातो. तो ऐकावयाचा नसतोच. बाकावर बसलेल्या भाविकाच्या अंगात तो शिरतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली ऑर्गनचा गौरव केला आणि त्याचबरोबर उपासनेला साजेशा अन्य वाद्यांनाही दार उघडले. फरक एवढाच की ऑर्गन त्या वास्तूसाठी बांधलेला असतो. तिची लांबी-रुंदी, तिचा घुमारा पाहून कारागीर नळ्या बसवतो, आणि भोवती दगडाच्या जाड भिंती असतात. अॅम्प्लिफायर मात्र टेम्पोत घालून कोठेही नेता येतो. आणि नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला की आपल्या प्रार्थनामंदिराच्या खिडक्या सताड उघड्या असतात. सणाचा कार्यक्रम तर मांडवातच होतो, आणि मांडवाला भिंती नसतात.

भिंती असत्या तरी त्यांनी खर्ज अडवला नसता. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते. बारीक सूर विटांच्या भिंतीशी थबकतात, खर्ज तिला हलवून पलीकडे जातो. याचा परिणाम काय होतो याचा विचार आपण क्वचितच करतो. स्तोत्राचे शब्द, मुलींचे आलाप, कीबोर्डची सुरावट हे सारे आपल्या बाजूला राहते. शेजारच्या घरातल्या माणसापर्यंत आपल्या उपासनेतून काय पोहोचते? फक्त धडधड. आपण स्तुती गातो आहोत की भांडतो आहोत, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या फुलपात्रातले पाणी थरथरते, एवढेच त्याला कळते. पलीकडे आजारी म्हातारी असेल, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असेल, रात्रपाळी करून आलेला रेल्वेचा नोकर असेल.

कायदा आहे, असे कोणी म्हणेल. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि रात्री दहानंतर बंदिस्त सभागृहे वगळता ध्वनिवर्धकाला मनाई करतात. परंतु हे मोजमाप मनुष्याच्या कानाच्या मंदपणाला धरून केलेले असते. खालच्या सुरांना त्यात मोठी सूट मिळते. ४० हर्ट्झच्या आसपास ती जवळजवळ पस्तीस डेसिबल भरते. म्हणजे मापकावरचा काटा हद्दीत असेल आणि शेजाऱ्याची तावदाने वाजत असतील, हे सहज शक्य आहे. ज्या शहरात पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, ‘नीरी’, १९५८ पासून उभी आहे, त्या शहरातल्या वाचकांना मोजमापाच्या मर्यादा अधिक सांगण्याची गरज नसावी. कायदा पाळला म्हणजे शेजारधर्म पाळला, असे होत नाही. काटा जेथे मुका होतो तेथून पुढे विवेकाचे काम सुरू होते.

आपण ख्रिस्ती लोक या बाबतीत दुसऱ्यांच्या मिरवणुकांकडे बोट दाखवण्यात तरबेज आहोत. म्हणून एक गोष्ट आठवणीत ठेवावी. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रार्थनेच्या गोंगाटाविषयी जो बहुचर्चित निकाल दिला, तो चेन्नईतल्या एका ख्रिस्ती प्रार्थनागृहाविरुद्धच्या खटल्यात. वसाहतीतल्या रहिवाशांची तक्रार ध्वनिवर्धक, ड्रम आणि गिटार यांच्याविषयीच होती. ते प्रार्थनागृह कॅथोलिक नव्हते, अशी पळवाट कोणी काढू नये. भिंतीपलीकडच्या माणसाला पंथ ऐकू येत नाही. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. हे न्यायालयाने आपणांस सांगावे लागले, याचे वाईट वाटते.

नागपूरच्या कॅथेड्रलचा आश्रयदाता संत फ्रान्सिस डी सेल्स याची येथे आठवण होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शाब्ले प्रांतात त्याचे प्रवचन ऐकावयास कोणी येईना, तेव्हा त्याने आपला आवाज चढवला नाही. त्याने पत्रके लिहिली आणि ती लोकांच्या दारांखालून आत सरकवली. आतल्या माणसाने ती वाचावी किंवा चुलीत घालावी. निवड त्याची होती. खर्जाचा सूर ही निवड ठेवीत नाही. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत, आणि छातीला तर नाहीतच. याच संताने एका बहिऱ्या मनुष्याला खुणांच्या भाषेने धर्मशिक्षण दिले, म्हणून तो बहिऱ्यांचाही कैवारी मानला जातो. आणि खर्जाच्या बाजूनेही येथे एक शब्द बोलला पाहिजे: ज्याला कान नाहीत त्यालाही हा सूर हाताच्या तळव्याने बाकाच्या लाकडातून घेता येतो. गायकवृंदातले दुसरे कोणतेही वाद्य त्याच्यापर्यंत इतके पोहोचत नाही.

तेव्हा धर्मग्राम परिषदेने काय करावे? पैसा असेल आणि वादक शिकलेला असेल, तर यंत्र चांगले ताकदवान घ्यावे, असेच आम्ही म्हणू. दुबळे यंत्र घेतल्याने शांतता येत नाही, फक्त सूर फाटतो. परंतु बटणाची हद्द वादकाने ठरवू नये, गायकवृंदाच्या प्रमुखानेही नाही, आणि वेदीजवळ उभे राहून धर्मगुरूंनीही नाही, कारण ते तिघेही भिंतीच्या एकाच बाजूला आहेत. सरावाच्या दिवशी खुद्द वादकाने दुसऱ्याच्या हाती गिटार द्यावी, रस्ता ओलांडावा, शेजारचे दार ठोठावावे आणि त्या घरातल्या आतल्या खोलीत पाच मिनिटे बसून यावे. तेथल्या गृहिणीला विचारावे, “ताई, हे एवढे चालेल का?” ती नको म्हणाली तर परत येऊन बटण खाली घ्यावे आणि पुन्हा विचारावयास जावे. नाताळची तयारी नोव्हेंबरात सुरू होते. त्याआधी एवढे जाणे-येणे सहज होण्यासारखे आहे.