रिकाम्या गळाचे प्रामाण्य

एखादे साधन 'उपयोगी पडते' असे म्हणताना मनुष्य नेमके कशाविषयी बोलत असतो, साधनाविषयी, ते वापरणाऱ्याविषयी की केवळ त्या दिवशी हाती आलेल्या फळाविषयी, हा प्रश्न वरवर व्यवहारातला वाटला तरी तो प्रमाणशास्त्राच्या, म्हणजे ज्ञान खरे कशावरून मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या, गाभ्याशी जाऊन भिडतो. औषधोपचार, शेती, अध्यापन अशा अनेक क्षेत्रांत तो उभा राहतो. परंतु गळाने बॅस मासा पकडण्याच्या छंदात तो जितका उघडा पडतो तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल, कारण येथे कारण माणसाच्या हातात असते, कार्य पाण्याखाली नजरेआड घडते आणि दोहोंना जोडणारी केवळ एक बारीक दोरी असते.

बॅस हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला, दबा धरून झडप घालणारा शिकारी मासा आहे. मायक्रोप्टेरस या प्रजातीतील 'लार्जमाउथ' हा मोठ्या जबड्याचा, पाणवनस्पतींत आणि बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला राहणारा, तर 'स्मॉलमाउथ' हा अधिक थंड व खडकाळ पाण्यात रमणारा. जेम्स हेन्शल या वैद्याने १८८१ साली बॅसवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९६७ साली रे स्कॉट यांनी अर्कान्सा राज्यातील बीव्हर लेक या जलाशयावर मोठी स्पर्धा भरवली, तेव्हापासून या छंदाला संघटित स्पर्धांचे आणि त्यासोबत प्रचंड साधनसामग्रीचे रूप आले. काठीची लांबी व ताठपणा, रिळाचा प्रकार, दोरीचा पदार्थ, गळाचा आकार, शिशाचे वजन आणि आमिषांचे असंख्य रंग यांच्या गर्दीत नवख्या माणसाला एकच सल्ला वारंवार मिळतो, तो म्हणजे 'जे तुम्हाला लागू पडेल ते वापरा'. या सल्ल्याचा अर्थ शोधणे हेच प्रस्तुत विवेचनाचे काम आहे.

'आमिष' या शब्दाकडे येथे क्षणभर वळून पाहावे. संस्कृतात त्याचा अर्थ मांस असा होता, 'सामिष' व 'निरामिष' या शब्दांत तो अजून टिकून आहे. मराठीत मात्र एकट्या 'आमिष' शब्दाला प्रलोभनाचाच अर्थ अधिक चिकटला. १९४९ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले, तेव्हा भाषेत फार पूर्वी घडलेला हा बदल जणू वस्तूतही उतरला: मांसाचा अंशही नसलेले, केवळ प्रलोभन उरलेले असे ते आमिष होते.

साधनाच्या यशावरून ज्ञानाची परीक्षा करावी हा विचार भारतीय परंपरेला परका नाही. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्याचा आरंभच प्रवृत्तिसामर्थ्याच्या कल्पनेने होतो. प्रवृत्तिसामर्थ्य म्हणजे ज्ञानाला अनुसरून केलेल्या कृतीला फळ येणे. दूर दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे तेथवर जाऊन तहान भागते की नाही यावरून ठरते. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांतून फलवादाची, म्हणजे विचाराचे सत्यत्व त्याच्या अनुभवातील परिणामांशी बांधणाऱ्या मताची, मांडणी केली. दोन्ही मते जवळची भासतात, पण त्यांतील अंतर महत्त्वाचे आहे. नैयायिकाच्या मते ज्ञान खरे असते ते वस्तू जशी आहे तशी दाखवते म्हणून, आणि फळ ही त्या खरेपणाची खूण असते. जेम्स यांच्या मांडणीत सत्य आणि त्याची प्रचीती एकमेकांपासून इतकी वेगळी काढता येत नाहीत. गळाला मासा लागला म्हणून आमिषाची निवड बरोबर होती असे म्हणणारा माणूस न कळत जेम्स यांच्या बाजूला झुकतो, आणि तेही त्यांनी घातलेली दीर्घकालीन अनुभवाची अट विसरून.

कारण एका फळाने काहीच सिद्ध होत नाही. कावळा ताडावर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच वेळ यावी, एवढ्यावरून कावळ्याला फळ पडण्याचे कारण ठरवू नये, हे सांगणारा काकतालीय न्याय मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. मासेमाराच्या पेटीतील निम्मी आमिषे अशा कावळ्यांसारखी असतात. बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कबुतरांना त्यांच्या वागण्याशी काहीही संबंध न ठेवता ठरावीक अंतराने दाणे दिले; तरीही दाणा मिळण्याच्या वेळी घडलेली हालचाल, गिरकी घेणे किंवा मान झुलवणे, काही कबुतरे पुन्हापुन्हा करू लागली. ठरावीक टोपी घालून किंवा ठरावीक छटेचे गांडूळ लावून पाण्यावर जाणाऱ्या माणसाची मनोरचना याहून फार निराळी नाही. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी लार्जमाउथच्या रंगदृष्टीचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या डोळ्यात लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकुपेशी आढळल्या, आणि झगझगीत पिवळसर हिरवा व पांढरा, तसेच निळा व काळा, या जोड्यांतील फरक त्याला नीट करता येत नाही असे दिसले. काळ्या आणि निळ्या आमिषांपैकी कोणते 'चालते' यावर रंगणारे वाद त्यामुळे बहुधा माशाच्या नव्हे, माणसाच्या डोळ्यांविषयीचे असतात.

जागतिक विक्रमाचा इतिहासही हेच सांगतो. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील माँटगोमेरी लेक येथे २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ पकडला, तो लहान माशाच्या आकाराच्या लाकडी आमिषावर; २००९ साली मानाबू कुरिता यांनी जपानमधील बिवा सरोवरात त्याहून एक औंसही जास्त नसलेला मासा पकडला, तो जिवंत ब्लूगिल माशाचे आमिष लावून. जुना विक्रम मोडण्यासाठी किमान २ औंसांची वाढ लागत असल्याने दोघे बरोबरीचे ठरले. या दोन घटनांतून साधनाविषयी कोणताही नियम निघत नाही, आणि तो काढण्याचा मोह आवरणे हीच विचाराची पहिली शिस्त आहे.

याहून सूक्ष्म भ्रम उपाधीचा आहे. न्यायशास्त्रात उपाधी म्हणजे दोन गोष्टींच्या साहचर्यामागे दडलेली अशी अट की जी ध्यानात न घेता नियम बांधला तर तो फसतो. अग्नी असेल तेथे धूर असेलच असे म्हणणारा माणूस ओल्या सरपणाची अट विसरलेला असतो, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. बॅस पकडणाऱ्यांत 'विश्वासाचे आमिष' अशी एक कल्पना रूढ आहे: ज्यावर पूर्वी मासे मिळाले आणि म्हणून ज्यावर मन बसले, ते आमिष. त्यावर खरोखरच अधिक मासे मिळतात. परंतु ते दिवसाचा बहुतेक वेळ पाण्यात असते आणि त्यावर भरवसा असल्याने माणूस ते सावकाश, लक्षपूर्वक, उत्तम जागी खेळवतो, ही येथली ओल्या सरपणासारखी अट आहे. तरीही अशा विश्वासाला केवळ भ्रम म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. ज्ञान स्वभावतःच प्रमाण असते, अप्रामाण्य मात्र बाहेरून, बाधक ज्ञान आल्यावर कळते, असे मीमांसकांचे स्वतःप्रामाण्याचे मत आहे, आणि त्यात एक व्यावहारिक शहाणपण आहे: दर पाच मिनिटांनी आमिष बदलणारा माणूस कोणत्याही आमिषाला खोटे ठरण्याइतकीही संधी देत नाही.

येथवरचा विचार माशाच्या लागण्याविषयी झाला. परंतु गळ टाकणाऱ्याचा बहुतेक वेळ मासा न लागण्यात जातो, आणि साधनाची खरी परीक्षा तेथेच आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. अनुपलब्धी म्हणजे न दिसणे, आणि त्या न दिसण्यातून वस्तूच्या अभावाचे ज्ञान होणे. जमिनीवर घडा नाही हे कळते, कारण घडा दिसत नाही. मात्र आचार्यांनी त्याला एक कडक अट जोडली आहे: ती योग्यानुपलब्धी असली पाहिजे, म्हणजे घडा असता तर तो नक्की दिसला असता अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असे कोणीही म्हणू शकत नाही.

मासेमाराचे बहुतेक निष्कर्ष या अंधाऱ्या खोलीत काढलेले असतात. क्रँकबेट या माशाच्या आकाराच्या आमिषाला पुढे एक पाते असते आणि ते किती खोल जाणार हे मुख्यतः त्या पात्याच्या आकारावर व दोरीच्या जाडीवर अवलंबून असते; ते दोन मीटरांवर धावत असेल आणि मासे सहा मीटरांवर असतील, तर दिवसभराच्या रिकाम्या गळाने मासे नाहीत हेही सिद्ध होत नाही आणि आमिष वाईट आहे हेही नाही. उन्हाळ्यात खोल तळ्यांचे पाणी थरांत विभागले जाते, वरच्या उबदार थराखालील थंड पाण्यात अनेकदा प्राणवायू इतका कमी होतो की तेथे बॅस राहत नाही. त्या थरात आमिष फिरवणारा माणूस जे ऐकतो ते नकार नसून निव्वळ शांतता असते. ज्याला आपले आमिष आत्ता कोठे आहे, तळाला टेकले आहे की गवतात अडकले आहे, हे सांगता येत नाही, त्याच्या अपयशातून कोणतेही ज्ञान निपजत नाही.

म्हणूनच 'तुम्हाला लागू पडणारे साधन' याचा विचारपूर्वक अर्थ असा करावा लागतो, की ज्याच्या नकारावर त्या विशिष्ट माणसाला विश्वास ठेवता येतो ते साधन. माणसाचा स्वभाव आणि त्याचे हात यांचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. परंपरेच्या भाषेत हा अधिकाराचा, म्हणजे विशिष्ट साधनासाठी लागणाऱ्या पात्रतेचा, प्रश्न आहे. टेक्सस रिग या रचनेत गोळीच्या आकाराचे शिसे दोरीवर सरकते आणि गळाचे टोक प्लास्टिकच्या गांडुळातच खुपसलेले असल्याने ते गवतात अडकत नाही. पण हे गांडूळ तळावरून इतके हळू ओढावे लागते की उतावळ्या माणसाच्या हाती ते नकळत वेगाने सरकते आणि त्याला मिळालेला नकार खोटा ठरतो. अशा माणसाने स्पिनरबेटसारखे चमकती पाती फिरवणारे आमिष घेऊन पुष्कळ पाणी पालथे घालणे अधिक प्रामाणिक होय, कारण त्या आमिषाचा नकार उथळ असला तरी खरा असतो. बेटकास्टिंग रिळाची चकती फेकलेल्या आमिषाच्या ओढीने फिरते आणि अंगठ्याने वेळीच आवरली नाही तर दोरीचा गुंता होतो. स्पिनिंग रिळाची चकती फेकताना स्थिर राहते आणि दोरी वेटोळ्यांनी सुटते. ज्याचे सारे लक्ष गुंता टाळण्यात खर्च होते, त्याच्याजवळ पाण्यासाठी लक्ष उरत नाही, आणि त्याच्यासाठी दुसरे रीळ योग्य ठरते, मग पहिल्याची प्रतिष्ठा कितीही असो. नायलॉनची एकपदरी दोरी ताणली जाते व माशाच्या झटक्याला सामावून घेते, विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही आणि तळावरचा खडा व चिखल यांतला फरक बोटांपर्यंत पोचवते. ज्याची बोटे अजून ही भाषा शिकत आहेत, त्याला दुसरीचा लाभ मोठा आहे. या निवडीला वैयक्तिक आवड म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यावर त्या माणसाच्या ज्ञानाची शक्यताच अवलंबून असते.

या सर्व विवेचनात मासा आतापर्यंत केवळ 'फळ' म्हणून आला, आणि ही उणीव गंभीर आहे. फळ म्हणून ज्याची गणना झाली तो स्वतः एक जीव आहे, आणि साधन कोणासाठी उपयोगी पडले हा प्रश्न त्याला वगळून पुरा होत नाही. अहिंसेला परम मूल्य मानणारा जैन विचारक मनोरंजनासाठी गळ टाकणेच नाकारील, आणि त्याचे म्हणणे कोणत्याही सोयीस्कर युक्तिवादाने खोडून निघणारे नाही. रे स्कॉट यांच्या संस्थेने १९७२ पासून स्पर्धेतील मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला, त्याने हिंसा कमी झाली, पण संपली नाही: खूप खोलातून झपाट्याने वर आणलेल्या माशाचा वाताशय फुगतो आणि सोडल्यावरही त्याला खाली जाता येत नाही. साधनाच्या निवडीचा नैतिक भाग येथे ज्ञानाच्या भागाशी जोडला जातो. मऊ गांडूळ मासा सहज गिळतो, आणि दोरीचा हलका ठोका किंवा तिचे किंचित बाजूला सरकणे ज्याला वेळीच कळत नाही, त्याचा गळ ओठाऐवजी घशात रुततो, ज्यातून माशाचे वाचणे कठीण होते. जे साधन माणसाला वाचता येत नाही, त्याच्या अज्ञानाची किंमत अशा रीतीने दुसरा जीव मोजतो.

पूर्ण ज्ञानानेही हा प्रश्न मिटत नाही, हे वसंतात दिसते. पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की नर बॅस उथळ पाण्यात तळ झाडून वर्तुळाकार घरटे करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि तो अंड्यांची व नंतर पिलांची राखण करतो. स्वच्छ पाण्यात तो काठावरून दिसतो. अनुपलब्धीचा प्रश्न नाही, खोलीचा अंदाज चुकण्याची भीती नाही, आणि भूक नसतानाही घरट्यात शिरलेल्या कोणत्याही वस्तूवर तो तुटून पडतो, म्हणून साधनाची निवडही जवळजवळ गौण होते. प्रवृत्तिसामर्थ्य येथे जितके निश्चित आहे तितके वर्षात इतर कधीही नसते. आणि नेमक्या त्याच वेळी, तो गळावर असताना मोकळ्या पडलेल्या घरट्यावर ब्लूगिल येतात आणि अंडी खाऊ लागतात. सोडलेला नर परतला तरी कधीकधी राखण सोडून देतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या अनेक भागांत बॅसचा हंगाम जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद ठेवला जातो, तो या घरट्यांसाठी.