उद्याचा वारा आणि आप्तवाक्य

उद्याच्या वाऱ्याचे ज्ञान प्रत्यक्षाने होत नाही, कारण तो वारा अजून वाहिलेलाच नाही. ढग, वायुभार आणि लाटांची दिशा पाहून अनुमान करता येते. पण ते काही तासांपलीकडे फारसे पोचत नाही. म्हणून आयर्लंडच्या किनाऱ्याने शिडाची होडी नेणाऱ्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. हा शब्द आज मोबाइलच्या पडद्यावर अनेक ठिकाणांहून एकाच वेळी येतो आणि त्यांत मेळ असतोच असे नाही. त्यांतला कोणता प्रमाण मानावा, हा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला शब्दप्रमाणाचा प्रश्न आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांनुसार आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण. ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जाणला तसाच तो सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे भाष्यकार वात्स्यायन सांगतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट करतो. म्हणजे शब्दाचा अधिकार बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेतून येत नाही. तो ज्ञानातून आणि सचोटीतून येतो. जून १९४४ मध्ये मेयो परगण्यातील ब्लॅकसॉड येथे टपाल कचेरीत काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅविन यांनी वायुभार वेगाने उतरत असल्याची नोंद पाठवली. ती पुन्हा तपासून कळवा, अशी सूचना दूरध्वनीवरून आली आणि नोंद बरोबर ठरली. दोस्त राष्ट्रांचे नॉर्मंडीवरचे आक्रमण ५ जूनवरून ६ जूनवर ढकलण्याच्या निर्णयात या नोंदीचा वाटा होता. वात्स्यायनाच्या व्याख्येत बसणारी ही आप्त व्यक्ती होती.

आजच्या अंदाजात मात्र आप्त एका ठिकाणी सापडत नाही. समुद्रातील बोये, उपग्रह आणि किनाऱ्यावरची केंद्रे जे टिपतात ते प्रत्यक्ष. त्यावरून संगणकीय मॉडेल जे काढते ते अनुमान. आयर्लंडची राष्ट्रीय हवामान संस्था मेट एरन किनाऱ्यापासून ३० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यासाठी दर सहा तासांनी जे वार्तापत्र काढते, त्यात अनुमानावर जाणत्या माणसाची नजर फिरलेली असते आणि त्याची जबाबदारी घेणारे कोणीतरी असते. बहुतेक अॅप केवळ अनुवादक असतात: दुसऱ्याचे अनुमान रंगीत नकाशात मांडतात. अनेक अॅप अमेरिकेचे जीएफएस हे एकच मॉडेल वापरतात, कारण ते विनामूल्य मिळते. पाच पडद्यांवर एकच वारा दिसला म्हणून पाच साक्षीदार मिळाले असे होत नाही. साक्षीदार एकच, त्याचे म्हणणे पाचदा ऐकू आले इतकेच.

साक्षीदाराला काय दिसू शकते हेही पाहावे लागते. मॉडेल नकाशावर जाळी आखून हिशेब करते. जीएफएसच्या जाळीचा चौकोन सुमारे १३ किलोमीटरचा, युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या मॉडेलचा सुमारे ९, तर मेट एरनने वापरलेल्या हार्मोनी मॉडेलचा २.५ किलोमीटरचा. मिझन हेडसारख्या भूशिराला वळसा घालताना वाढणारा वारा किंवा डब्लिन उपसागरात दुपारी सुटणारा सागरी वारा मोठ्या चौकोनांच्या जाळीतून सहज निसटतो.

ज्ञानाचे प्रामाण्य कशावरून ठरते, याविषयी दोन प्रमुख मते आहेत. मीमांसकांच्या मते प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. दोष दिसेपर्यंत ज्ञान खरे मानावे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून ठरणारे, मानतात: ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती सफल झाली तर ते खरे. निघण्याच्या घाईत माणूस मीमांसक असतो, प्रत्येक अंदाजाची चौकशी त्याला शक्य नसते. पण स्रोताची निवड नैयायिकाच्या रीतीने करता येते. आयरिश समुद्रातील एम२ बोयाच्या प्रत्यक्ष नोंदी कालच्या अंदाजांशी ताडून पाहता येतात. आयुर्वेदाचा पडताळलेला भाग खरा निघतो, यावरून न्यायसूत्रे न पडताळलेल्या आप्तवाक्याचे प्रामाण्य समजावतात. अंदाजावरचा विश्वासही असाच वाढतो, मात्र त्याला सीमा आहे. पूर्व किनाऱ्यावर खऱ्या ठरलेल्या मॉडेलचा दाखला अटलांटिकच्या बाजूला आपोआप चालत नाही, आणि उद्यासाठी मिळवलेला विश्वास सातव्या दिवसाला लागू पडत नाही.

कॉर्क परगण्यातील क्लॉइनचा बिशप झालेल्या जॉर्ज बर्कलीने हाच विषय धर्माच्या अंगाने मांडला. त्याच्या मते दिसणाऱ्या गोष्टी ही ईश्वराची भाषा आहे. खूण आणि वस्तू यांत अनिवार्य संबंध नसतो, तो अनुभवानेच शिकावा लागतो. बर्कलीचा ईश्वर न मानणाऱ्यालाही यातला दुसरा भाग मानावा लागतो. अनुभवाने शिकलेल्या या संबंधावरही किती विसंबावे याला मर्यादा आहे. आरंभस्थितीतला किरकोळ फरक पुढे मोठा होऊ शकतो, हे एडवर्ड लॉरेन्झने १९६३ मध्ये दाखवले. म्हणून युरोपीय केंद्र ५१ किंचित वेगळ्या आरंभांपासून अंदाज काढते. ते एकमेकांपासून जितके फाकतात तितका विश्वास कमी करावा.

शेवटचा प्रश्न नीतीचा आहे. विल्यम क्लिफर्डने १८७७ च्या निबंधात एक जहाजमालक कल्पिला. आपले जुने जहाज प्रवासात टिकणार नाही ही शंका तो मनातच दाबतो आणि ते समुद्रात पाठवतो. जहाज सुखरूप पोचले तरी तो दोषीच, असे क्लिफर्ड म्हणतो. सोयीचा अंदाज सापडेपर्यंत अॅप बदलत राहणारा माणूस याच दोषाचा धनी होतो. उलट ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या तेव्हा पुढे आलेल्या भीषण वादळाचा इशारा नव्हता. १५ स्पर्धक दगावले. उपलब्ध शब्दावर त्यांनी ठेवलेला विश्वास दोषास्पद म्हणता येत नाही. फळ आणि प्रामाणिकपणा यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

यावरून अंदाज पाहण्याचा क्रम ठरतो. आधी राष्ट्रीय संस्थेचे वार्तापत्र आणि लहान नौकांसाठीचा इशारा पाहावा. किनाऱ्यापासून १० सागरी मैलांच्या आत बोफर्ट श्रेणीतील ६ किंवा अधिक बळाचा वारा अपेक्षित असेल तेव्हा हा इशारा दिला जातो. मग भिन्न उगमाची दोन मॉडेले, मग बोयांच्या ताज्या नोंदी. किती वाऱ्यात निघायचे नाही, ही मर्यादा अंदाज उघडण्यापूर्वीच ठरलेली असावी. आप्तवाक्य ज्ञान देते. निघण्याचा निर्णय आणि त्याची जबाबदारी नौकेच्या कप्तानाचीच राहते.