प्रकाश आणि आसन

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने दीपरचना मांडाव्यात, खुर्च्या आणि मेजे घडवावीत, आणि या कामी आपल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील कित्येक महिने खर्ची घालावेत, ही गोष्ट पुष्कळ जाणत्या गृहस्थांना अद्याप पटत नाही. ज्याला उद्या इमारती उभारायच्या आहेत त्याने दिव्यांत आणि लाकूडकामात का गुंतून पडावे, असा त्यांचा सवाल असतो. १९५७ साली स्थापन झालेल्या माधव इन्स्टिट्यूटमध्ये वास्तुकला शिकवणाऱ्या ग्वाल्हेर शहरात तरी हा सवाल मला अप्रस्तुत वाटतो, कारण प्रकाश आणि आसन यांचा विचार या शहराने फार पूर्वी, आणि परस्परांहून अगदी भिन्न रीतींनी, केलेला आहे.

ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांच्यासाठी वास्तुकार मायकेल फिलोज यांनी १८७४ साली सिद्ध केलेल्या जयविलास राजवाड्याच्या दरबार दिवाणखान्यात जी दोन झुंबरे लोंबतात, त्यांचे वजन प्रत्येकी सुमारे साडेतीन टन आहे, आणि ती टांगण्यापूर्वी छताची परीक्षा घेण्यासाठी हत्ती वर चढवले होते, अशी कथा शहराच्या लष्कर भागात सर्वतोमुखी आहे. कथेचा तपशील कसाही असो, तिच्यातील कारागिरीचा विवेक मला फार मोलाचा वाटतो: दिवा लावण्यापूर्वी त्याचा भार कोण पेलणार याची तजवीज झाली पाहिजे, आणि कागदी कंदिलांची रचना छताला टांगणाऱ्या विद्यार्थ्यालाही हुक, तार आणि दिव्याची उष्णता यांचा हिशेब चुकवता येत नाही.

याच शहरात, अकबराच्या काळी बांधलेल्या सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्यात, प्रकाशाशी वागण्याची दुसरी रीत दिसते. चारी बाजूंनी दगडी जाळ्या आहेत. त्यांची भौमितिक नक्षी नाना तऱ्हांची, आणि दगडाला भोकांच्या मानाने पुरेशी जाडी असल्यामुळे माथ्यावरचे प्रखर ऊन दगडातच अडते, तर आत शिरणारा बराचसा उजेड भोकांच्या कडांवर आपटून सौम्य झालेला असतो. वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या मुलखात ही केवळ शोभा नव्हे. आतल्या माणसाचे डोळे दिपू नयेत आणि वारा मात्र खेळावा, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे. विद्यार्थ्याने मोजपट्टी घेऊन यांतले एक भोक मापावे, त्याची रुंदी आणि दगडाची जाडी वहीत लिहावी, मग तेच प्रमाण पुठ्ठ्यात कापून पाहावे आणि पुठ्ठा पातळ असल्याने काय बिघडते ते स्वतः अनुभवावे. परदेशी नियतकालिकांतील चित्रांबरहुकूम केलेल्या दहा रचनांनी जे कळणार नाही, ते एवढ्याने कळेल असा माझा विश्वास आहे.

आसनाविषयीही हेच म्हणता येईल. राजवाड्याच्या भोजनगृहातील लांबलचक मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहुण्यांसमोर पेये आणि सिगार नेत असे, आणि कुणी तिच्यावरची सुरई उचलली की ती जागच्या जागी थांबे. वैभवाचा भाग बाजूला ठेवला तरी मेज घडवताना बसलेल्या माणसाच्या हाताचा इतका बारकाईने विचार झालेला आहे, आणि हा विचार अवघ्या चार फळ्यांच्या बाकालाही लागू पडतो. बैठकीची उंची सामान्यतः ४५ सेंटिमीटरच्या आसपास असावी हे पुस्तकात छापलेले असते, परंतु लष्करातील जुन्या मराठी घरांत आयुष्यभर पाटावर मांडी घालून जेवलेल्या आजींना गुडघे दुखू लागल्यावर किती उंचीचे, किती रुंदीचे आणि हातांना कुठे आधार देणारे आसन हवे, हे त्यांच्याशेजारी बसल्यावाचून समजत नाही. इमारतीतील चुकीचा दोष कंत्राटदारावर, जागेवर वा सरकारी नियमांवर ढकलता येतो. डुगडुगणाऱ्या खुर्चीचा दोष मात्र बहुधा तिच्या कर्त्याकडेच येतो, आणि म्हणूनच पहिल्या-दुसऱ्या वर्षीच हे काम विद्यार्थ्याच्या हातून झाले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

परीक्षेची पद्धत तेवढी बदलावी. आज परीक्षक भिंतीवरचे नकाशे पाहून आणि नमुन्याभोवती एक फेरी मारून गुण देतात. त्याऐवजी त्यांनी विद्यार्थ्याच्या खुर्चीवर बसून, त्याच्याच दिव्याखाली तासभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात, आणि मग या दोन्ही कामांचे गुण मांडावेत.